लिंकनच्या मारेकऱ्याला मारणाऱ्याचा खड्डा: कॉन्कॉर्डिया, कॅन्सस

अब्राहम लिंकनला मारणारा जॉन विल्क्स बूथ सगळ्यांना माहितीये, पण बूथला ज्याने गोळी घातली तो घोडदळातला सार्जंट पुढे कॅन्ससमध्ये येऊन माळरानावर खड्डा खणून त्यात राहिला, जमेल तशी शेती केली आणि लोकांना प्रवचनं देत फिरला, हे इथल्याही बऱ्याच लोकांना माहीत नसतं. बोस्टन कॉर्बेट त्याचं नाव. ती जागा अजून बघता येते, आम्ही नुकतेच जाऊन आलो, कोणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

कॅन्सस सिटीहून आय-७० धरायचा, टोपेका, मग सलायना, तिथून यूएस-८१ ने उत्तरेला साधारण ५० मैल की कॉन्कॉर्डिया. टोपेकापर्यंतच्या टर्नपाइकवर आता टोल बूथ नाहीत, नंबर प्लेटचा फोटो काढून बिल घरी येतं, के-टॅग (गाडीला लावायचा टोलचा टॅग) असेल तर स्वस्त पडतं. माझं ऐकाल तर जाताना टोपेकाला थांबूच नका, ते परतीला ठेवा, का ते पुढे कळेल.

स्मारक गावात नाहीये. गावाच्या दक्षिणेला यूएस-८१ सोडून की रोड नावाच्या रस्त्याला लागायचं, तिथे १९५८ साली गावातल्या बॉय स्काउट पोरांनी बांधलेलं दगडी स्मारक रस्त्याकडेला आहे आणि खड्ड्याच्या जागी एक छोटी पाटी. बस्स. तारेचं कुंपण, गवत, आणि वारा असा की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागतं. सगळी आजूबाजूची जमीन खाजगी आहे त्यामुळे विचारल्याशिवाय आत घुसू नका. पाऊस पडून गेला असेल तर आतल्या कच्च्या रस्त्यांवर छोटी गाडी घालू नका, आणि गहू काढणीच्या दिवसांत, म्हणजे जूनच्या सुमारास, समोरून अख्खा रस्ता अडवत हार्वेस्टर येतात तेव्हा घाई नको. उन्हाळ्यात गवतात टिक्स असतात, फुल पँट घाला.

गोष्ट माहीत नसेल तर मात्र पाच मिनिटांत "हे बघायला आलो का" असं घरचे विचारणार, म्हणून गाडीतच सांगून ठेवा. कॉर्बेटचा जन्म लंडनचा, १८३२ चा, लहानपणी अमेरिकेत आला, धंदा टोप्या बनवायचा. त्या काळी फेल्टच्या टोप्यांना पाऱ्याचं रसायन वापरायचे, त्याचा डोक्यावर परिणाम झाला असावा असं बरेच जण म्हणतात. बायको बाळंतपणात गेली, दारू लागली, मग मेथॉडिस्ट लोकांच्या नादाने सुटली आणि बोस्टन शहरात हे घडलं म्हणून त्याने नावच बोस्टन घेतलं. १८५८ मध्ये मोह नको म्हणून कात्रीने स्वतःचं खच्चीकरण केलं आणि आधी प्रार्थनासभेला जाऊन मग दवाखान्यात गेला (हा भाग पोरांसमोर गाळा).

सगळे त्याला "वेडा" म्हणून मोकळे होतात ते मला पटत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ मध्ये पकडला जाऊन हा माणूस अँडरसनविलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत काही महिने होता, जिथे जवळपास १३,००० कैदी मेले, आणि नंतर तिथल्या कमांडंटवरच्या खटल्यात त्याने साक्षही दिली. छावणीतून सुटल्यावर काही महिन्यांतच, २६ एप्रिल १८६५ ला, व्हर्जिनियात जळत्या कोठाराच्या फटीतून त्याने बूथवर गोळी झाडली. बूथला जिवंत पकडायचं होतं, पण युद्धमंत्री स्टँटनने कॉर्बेटला सोडून दिलं आणि बक्षिसातले १,६०० डॉलरच्या वर वाट्याला आले. मग धमक्या, संशय, कायम जवळ पिस्तूल. १८७८ मध्ये कॉन्कॉर्डियाजवळ ८० एकर घेतले तेव्हा हे सगळं तो बरोबर घेऊनच आला होता. रविवारी बेसबॉल खेळणाऱ्या पोरांवर त्याने पिस्तूल रोखल्याची गोष्ट गावात अजून सांगतात.

गावात ऑर्फन ट्रेनचं म्युझियम आहे, अनाथ पोरांना पूर्वेकडून ट्रेनने आणून शेतकऱ्यांकडे द्यायचे त्याबद्दल. ते चुकवू नका, खरं तर खड्ड्यापेक्षा जास्त वेळ तिथेच जातो. व्हेज खाणाऱ्यांनी दशम्या-चटणी घेऊन जा, नाहीतर बीन बरिटोवर दिवस काढायची तयारी ठेवा.

आता टोपेका, म्हणजे कॅन्ससची राजधानी. १८८७ मध्ये कॉर्बेटला विधानसभेत दारावरच्या माणसाची नोकरी मिळाली आणि फेब्रुवारीत आपल्याविरुद्ध कट चाललाय असं वाटून त्याने तिथेच रिव्हॉल्व्हर काढलं, मग रवानगी वेड्यांच्या इस्पितळात. पुढच्या वर्षी घोडा पळवून तो तिथून निसटला. कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन, बघायला तिकीट नाही, घुमटाला २९६ पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालचं गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या जॉन ब्राउनचं मोठं भित्तिचित्र बघत बसा. रविवारी जाऊ नका, बंद असतं.

पळाल्यावर तो कॅन्ससमधल्याच नियोडेशा गावी अँडरसनविलच्या जुन्या सोबत्याकडे गेला, मेक्सिकोला जातो म्हणाला आणि गायब. १८९४ च्या मिनेसोटातल्या हिंकलीच्या वणव्यात मेलेल्यांच्या यादीत एक थॉमस कॉर्बेट आहे, त्याचं मूळ नाव थॉमसच, पण तो हाच का हे सिद्ध झालेलं नाही. हिंकलीला त्या आगीचं म्युझियम आहे आणि कॅन्सस सिटीहून आय-३५ सरळ तिथे जातो, गाडीने आठेक तास. निघण्याआधी म्युझियमच्या वेळा बघून घ्या.