उशी काढल्यावर

तासभर गाडी चालवून उतरले की डावा पाय माझा राहायचा नाही. कमरेखालून निघालेली कळ मांडीच्या मागून उतरत पोटरीत जायची आणि मी दोन मिनिटं दार धरून उभी राहायचे, पर्समध्ये काहीतरी शोधतेय असा आव आणून. वयाचं असेल, म्हणून सोडून दिलं होतं. ४२ हे तसं काही वय नव्हे, पण कारण आयतं हाताशी असलं की कोण पुढे शोधतंय!

आमच्याकडे गाडी एक आणि चालवणारे दोन. नवरा जवळजवळ ६ फूट, मी ५ फूट १ इंच. तो चालवून आला की सीट पार मागे आणि पाठ आरामखुर्चीसारखी कललेली. मग मी बसायचं, खालचा दांडा ओढून पाय क्लचला लागेपर्यंत पुढे सरकायचं, पाठीमागे उशी कोंबायची आणि निघायचं. पंधरा वर्षांत मी सीटबद्दल शिकले ते एवढंच. गाडीबरोबर मिळालेलं जाडजूड पुस्तक समोरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं.

मग एके दिवशी चढावर ते झालं. घाईत सीट पुढे ओढली, दांडा सोडला आणि निघाले होते. चढावर रांग लागलेली. पुढची गाडी हलली म्हणून मी क्लच पार खाली दाबला, तर पेडल खाली जायच्या ऐवजी मीच मागे गेले. खट्, खट् आवाज करत सीट माझ्यासकट दोन खाचा मागे सरकून अडकली. दोन्ही पाय पेडलवरून सुटले. गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडून मागे घरंगळायला लागली. हाताला हँडब्रेक सापडला हे नशीब. मागच्यानं हॉर्नवर हात ठेवला होता तो काही उचलला नाही.

रात्री ते पुस्तक पिशवीतून बाहेर निघालं. सीटखाली रूळ असतात, त्यांना खाचा असतात आणि दांडा सोडल्यावर आतला खटका एका खाचेत पडतो. तो दोन खाचांच्या मध्येच टेकून राहिला तर सीट बसल्यासारखी वाटते, पण अडकलेली नसते. पायानं जोर लावला की सुटते. म्हणून दांडा सोडल्यावर बसल्या जागी कमरेनं एक धक्का पुढे, एक मागे द्यायचा. 'खट्' ऐकू आलं की झालं. दोन सेकंदांचं काम, पण मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पायाच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले. बाईंनी आधी एक साधी खुर्ची पुढे केली. "गाडीत कशा बसता, ते इथे बसून दाखवा." मी बसले. हात पुढे ताणलेले, मान पुढे, पाठ अधांतरी.

"पाठ कुठे टेकते?"

"मागे उशी असते ना."

"मग गाडीत उशी बसते. तुम्ही कुठे बसता?"

मला जरा रागच आला, कारण ती उशी मी खास शिवून घेतली होती. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. जाड, सुटी उशी पाठीमागे घातली की माणूस सीटच्या पाठीपासून बराच पुढे येतो. डोकं हेडरेस्टपासून लांब जातं, छाती स्टीअरिंगच्या जवळ जाते आणि गादीच्या अर्ध्याच भागावर सगळा भार येतो. शिवाय ब्रेक लागला की उशी दबते, सरकते आणि तिच्याबरोबर आपणही.

रविवारी सकाळी गाडी सपाट जागेवर उभी केली, हँडब्रेक ओढला, नेहमी चालवताना घालते तेच बूट घातले आणि उशी बाहेर ठेवून बसले. बाई म्हणाल्या होत्या, खालून वर यायचं: आधी बैठक, मग पाय, पाठ, हात आणि शेवटी डोकं. माझी आजवर एकच पायरी होती, ती म्हणजे पाय.

बैठक म्हणजे कुल्ले सीटच्या पार कोपऱ्यापर्यंत मागे. मागच्या खिशात काही नको. हे नवऱ्यासाठी. त्याचं पाकीट म्हणजे अर्धी वीट असते आणि त्यावर एका बाजूनं कलून तो वर्षानुवर्षं गाडी चालवतोय. कंबर माझी दुखते, हा निव्वळ अन्याय.

मग उंची. दाराकडच्या बाजूला एक लांबट दांडी असते. पाठ मागेपुढे करायची ती हीच, असं समजून मी ती कधीतरी ओढून पाहिली होती आणि बिघडलीये म्हणून सोडून दिली होती. ती पंपासारखी वर-खाली हलवायची असते. पाच वेळा हलवली आणि बॉनेटची कड आयुष्यात पहिल्यांदा नजरेला पडली! कंबर गुडघ्यांच्या पातळीला किंवा किंचित वर यावी आणि डोक्यावर छतापर्यंत मूठभर तरी जागा उरावी, असं गणित. माझ्या डोक्यावर दोन मुठी होत्या, तेव्हा वर जायला वाव होता. पण टाच जमिनीवरून सुटली आणि गादीची पुढची कड मांडीखाली रुतायला लागली.

पायाच्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं. गुडघ्याच्या मागे आणि गादीच्या कडेमध्ये दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. माझं जेमतेम एक मावत होतं. गादी लांब माणसाच्या मांडीला बेतलेली, माझी मांडी आखूड. ती कड टोचते म्हणून नकळत पुढे घसरून बसायचं, घसरलं की पाठ सुटते आणि पाठ सुटली की उशी लागते. पंधरा वर्षांची उशी अशी एका कडेपाशी येऊन थांबली. काही गाड्यांत गादीची पुढची बाजू खाली करता येते, माझ्या गाडीत तो प्रकार नाही. शेवटी दोन पंप खाली आले. बॉनेटची कड गेली, पण रस्ता आधीपेक्षा खूपच बरा दिसत होता आणि टाच जमिनीवर टेकत होती.

अंतराची परीक्षा सोपी आहे. क्लच तळापर्यंत दाबायचा, तरीही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. ब्रेकही सगळा जोर लावून दाबून पाहायचा. पाय काठीसारखा सरळ झाला तर जोर लागत नाही, आणि धडक झालीच तर तो दणका सरळ खुब्यापर्यंत जातो. उंची वाढवताना माझी सीट थोडी पुढेही सरकली होती, म्हणून अंतर नंतर पाहिलं हे बरं झालं. ती दोन खाचा मागे घ्यावी लागली. म्हणजे इतकी वर्षं मी गरजेपेक्षा जवळ बसत होते.

पाठ. चालवताना सीटची पाठ काटकोनापेक्षा थोडीच मागे हवी, १०० ते ११० अंशांच्या आसपास. कोनमापक घेऊन कोण बसणार, म्हणून मनगटाची खूण. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ स्टीअरिंगच्या माथ्यावर न्यायचा, मनगट कडेवर टेकलं पाहिजे. नुसती बोटं पोचत असतील तर लांब, कोपराकडचा भाग येत असेल तर फार जवळ. मग हात घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांसारखे धरले की कोपर आपोआप वाकलेलं राहतं. आणि सीटच्या कडेला, दोन बोटांत फिरवायची एक चकती सापडली, जी मी झाकण समजत होते. ती फिरवली तशी कमरेच्या खोलगट जागेत काहीतरी हळूच भरत आलं. तोच कमरेचा आधार. उशीचं काम करायला गाडीत पहिल्या दिवसापासून माणूस बसलेला होता आणि मी त्याच्यापुढे उशी लावून ठेवली होती. शेजारच्या, म्हणजे मी चालवताना नवरा बसतो त्या सीटला ही चकती नाही. तिथे बाईंनी पातळसा टॉवेल गुंडाळून कमरेशी ठेवायला सांगितला, पण त्या खोबणीत मावेल एवढाच.

स्टीअरिंगही हलतं, हे निदान ऐकून होते. खालची कळ सोडून ते खाली घेतलं आणि थोडं आत ढकललं. मग मुलीच्या दप्तरातली लांब पट्टी मागवली. स्टीअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत किमान २५ सेमी हवेत, कारण एअरबॅग तिथूनच उघडते, पापणी लवायच्या आत. ती पूर्ण फुगल्यावर आपण तिच्यावर आदळलो तर वाचवते, फुगत असतानाच आपण तिला चिकटलेलो असलो तर तीच इजा करते. पट्टी २७ दाखवत होती. मग कुतूहल म्हणून उशी परत लावून, जुन्या जागी सरकून मोजलं: १८. मुलगी म्हणाली, "आई, तू तर स्टीअरिंगला मिठी मारून बसायचीस." स्टीअरिंगचा रोखही चेहऱ्याकडे नको, छातीकडे हवा.

हेडरेस्टला 'रेस्ट' म्हणणं हीच फसवणूक आहे. ते डोकं टेकून आराम करायला नाही. मागून गाडी धडकली की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र जागच्या जागी राहतं आणि मान मागे हिसडली जाते. तो हिसका अडवायला ते असतं. अमेरिकेत १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना ते सक्तीचं झालं. वरची कड डोक्याच्या माथ्याएवढी, निदान कानांच्या वरच्या टोकापर्यंत तरी हवी आणि डोक्यापासून अंतर चार-पाच सेमीच्या आत. शेजारच्या सीटवरचं नवऱ्याचं हेडरेस्ट पार खाली बसवलेलं होतं, त्याच्या मानेशी. म्हणजे धडक झाली असती तर डोकं त्यावरून मागे गेलं असतं. "दिसायला बरं दिसतं म्हणून," असं त्याचं उत्तर. बटण दाबून तीन खाचा वर घेतलं.

तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट १९५९ साली व्होल्वोच्या नील्स बोहलिन यांनी आणला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. व्होल्वोनं तो बेल्ट इतर कंपन्यांनाही वापरू दिला. पण बेल्ट हाडांवर बसला तरच त्याचा उपयोग: आडवा पट्टा पोटावर नाही, खुब्याच्या हाडांवर घट्ट आणि खाली, तिरका पट्टा गळ्याशी नाही, खांद्याच्या मध्यावरून. माझा कायम गळ्याला घासायचा म्हणून मी तो काखेखालून घेत असे. हे भयंकर आहे, हे आता कळतं. दाराच्या खांबावर पट्ट्याची वरची कडी खाली घेता येते, हे मात्र त्याच दिवशी कळलं. एक खाच खाली घेतल्यावर घासणं थांबलं.

आरसे शेवटी, कारण डोळ्यांची जागा आत्ता कुठे ठरली. त्यात मला सांगण्यासारखं काही नाही.

खरी लढाई पुढे होती, ती शेजारच्या सीटवर. सासूबाई लांबच्या प्रवासात सीट पार आडवी करून झोपतात. "आई, जरा सरळ बसता का? बेल्ट बघा, अंगापासून किती सुटलाय." त्या म्हणाल्या, "अगं, सरळ बसायचं तर घरी खुर्ची आहे की." मी त्यांना आडव्या पट्ट्याला हात लावून दाखवला. आडवं पडलं की तो पोटावर चढतो आणि धडकेत माणूस त्याच्याखालून पुढे घसरतो. पटलं की नाही माहीत नाही, पण आता त्या अर्ध्यावर आल्या आहेत आणि झोप आली की सांगतात, मग आम्ही थांबतो.

मुलीचं मात्र मला फार लागलं. ती ९ वर्षांची, उंची १३१ सेमी. "मी आता मोठी झाले" म्हणाली म्हणून सहा महिन्यांपूर्वी तिला उंच बसवणारी बूस्टर सीट माळ्यावर गेली होती. त्या रविवारी तिला मागे बसवून पाहिलं. पाठ टेकून बसली की गादीची कड तिच्या पोटरीशी येत होती, गुडघे वाकतच नव्हते. मग ती काय करायची? पुढे घसरायची. बेल्ट पोटावर आणि गळ्याशी. माझीच लहान प्रत, फक्त उशी नव्हती. उंची साधारण १४५ सेमी होईपर्यंत मोठ्यांचा बेल्ट मुलांना नीट बसत नाही. बूस्टर खाली आली. दोन दिवस रुसवा होता.

सीटवर आम्ही घातलेलं जाड कव्हरही काढलं. सीटच्या कडेला बाजूच्या एअरबॅगचं छोटं लेबल शिवलेलं होतं आणि ती जिथून उघडते नेमकी तीच शिवण कव्हरनं झाकली होती.

पाय अजून पूर्ण बरा नाही. बाईंनी दिलेले व्यायाम चालू आहेत आणि दीड-दोन तासांनी मी उतरून चालते. पण उतरल्यावर दार धरून उभं राहणं महिनाभरात थांबलं. रुळाच्या कडेला माझ्या खाचेपाशी लाल नेलपेंटचा ठिपका आहे, नवऱ्याचा निळा. तो चालवून आला की मी सीट लाल ठिपक्यावर आणते, तीन पंप, कमरेचा धक्का, खट्. एखादा मिनिट जातो. परवा तो म्हणाला, "विमान उडवायला चाललीयेस का?" आणि मग स्वतः बसला तेव्हा मागच्या खिशातून पाकीट काढून कप्प्यात ठेवलं.

उशी सध्या सासूबाईंच्या खुर्चीवर आहे.