अडकलेले पैसे आणि घाबरलेले पैसे

एप्रिल २०२० संपता संपता बँकेचं ॲप उघडलं आणि मला वाटलं, या महिन्यात घरभाडं कापलंच गेलेलं नाही. महिनाअखेरीला आमच्या खात्यात एवढी शिल्लक कधी नसायची. खाली सरकून पाहिलं तर भाडं गेलं होतं, कौन्सिल टॅक्सही (इथली घरपट्टी) गेला होता. न गेलेले पैसे वेगळेच होते: माझा बसचा पास, शनिवारचं बाहेरचं जेवण, येता-जाता घेतलेली कॉफी, आणि दर उन्हाळ्यात भारतात यायचं म्हणून आधीपासून भरत आणलेल्या बॅगांमधलं सामान.

गंमत म्हणजे पगार कमी झाला होता. मी घरून काम करत होते, पण नवरा हॉटेलच्या रिसेप्शनवर, आणि २३ मार्चला कोविडमुळे ब्रिटन बंद झाल्यावर तो ‘फर्लो’वर गेला. म्हणजे नोकरी शाबूत, काम नाही, आणि पगाराचे ८० टक्के (महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पाउंड) सरकार मालकामार्फत देणार. हे आईला फोनवर समजावताना माझी दमछाक झाली. “अगं, पण काम न करता सरकार का देईल?” हा तिचा प्रश्न वर्षभर टिकला.

वीस टक्के पगार गेला तरी शिल्लक वाढली, कारण आमचा खर्च त्याहून जास्त आटला होता. हे फक्त आमच्याच घरी झालं असं नाही. २०२०च्या दुसऱ्या तिमाहीत ब्रिटनमधल्या कुटुंबांनी हातात आलेल्या उत्पन्नाचा पावपेक्षा जास्त हिस्सा मागे टाकला, आणि इतकी बचत इथल्या नोंदींत त्याआधी कधी झाली नव्हती. पण याला काटकसर म्हणायला माझी जीभ वळत नाही. दुकानंच बंद असताना पैसे न उडवण्यात कसला आलाय संयम? ते पैसे नुसते अडकले होते.

पाळणाघराने मात्र बंद असतानाही अर्धी फी मागितली. त्यावरून पालकांच्या व्हॉट्सॲप गटात जे रामायण झालं, त्यावर स्वतंत्र लेख होईल.

किराण्याचं बिल तेवढं फुगलं. मार्चमध्ये इथे टॉयलेट पेपर आणि मैदा दिसेनासा झाला होता. गहू संपला नव्हता, गिरण्याही रात्रंदिवस चालू होत्या. पण त्यांचं बहुतेक पीठ एरवी मोठ्या पोत्यांतून बेकऱ्यांना आणि कारखान्यांना जातं, आणि घरगुती दीड किलोच्या पिशव्या भरायची यंत्रं मोजकी. आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातले मात्र बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांतून दहा किलोचा आटा आणणारे. शेजारच्या इंग्लिश आजींना मी त्यातलाच किलोभर आटा दिला, त्यांनी त्याचा केक केला, आणि तो कसा झाला हे दोघींनीही एकमेकींना सांगितलं नाही.

या आजींचा हिशेब पाकिटांचा. गॅस, किराणा, नातवंडं, चर्च, प्रत्येकाचं वेगळं पाकीट आणि त्यात नोटा. आता दुकानं म्हणायला लागली, फक्त कार्ड. एक एप्रिलपासून पिन न टाकता कार्ड टेकवायची मर्यादाही ३० वरून ४५ पाउंड झाली. आम्ही त्यांचं सामान आणायचो, त्या दारात नोटांचं पाकीट ठेवायच्या, आणि आम्ही ते तीन दिवस हात न लावता पडू द्यायचो! त्या वर्षी नोटांनी खरेदी कमी झाली, तरी चलनातल्या नोटा वाढल्या. लोक त्या घरात ठेवत होते. आजी एकट्या नव्हत्या तर.

आता आमच्या दुसऱ्या पैशांबद्दल, जे इथल्या बातम्यांत फारसे दिसले नाहीत. आमच्यासारख्यांच्या व्हिसावर स्पष्ट अट असते: सरकारी भत्ते मिळणार नाहीत. गरजूंच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये आठवड्याला २० पाउंड वाढवले, ते आमच्यासाठी नव्हते. फर्लो त्या अटीत मोडत नाही हे नियम तीनदा वाचल्यावर कळलं, तेव्हा कुठे नवऱ्याला झोप लागली. माझी नोकरी गेली असती तर नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस, नाहीतर बाडबिस्तरा. शिवाय व्हिसाचं नूतनीकरण तोंडावर. त्यातला आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) ऑक्टोबर २०२०मध्ये माणशी वर्षाला ४०० वरून ६२४ पाउंड झाला, मुलांसाठी ४७०. आम्हा तिघांचे तीन वर्षांचे ५,१५४ पाउंड, एकरकमी, व्हिसाची फी वेगळी.

म्हणून मे महिन्यात मी दुसरं बचत खातं उघडलं. अडकलेले पैसे पहिल्या खात्यात, घाबरलेले दुसऱ्यात. व्याजाची आशा नव्हतीच. बँक ऑफ इंग्लंडने मार्चमध्येच दर ०.१ टक्क्यावर आणला होता, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारी बचत योजनेतल्या इन्कम बाँडचा दर १.१५ वरून ०.०१ टक्का झाला. हजार पाउंडांवर वर्षाला दहा पेन्स! मुदत ठेवीवर वाढलेल्या माझ्या वडिलांना हा आकडा मी दोनदा सांगितला. त्यांना वाटलं, दशांश चिन्ह चुकलंय.

जूनअखेर बाकीचा इंग्लंड उघडत असताना लेस्टर पुन्हा बंद झालं, देशातलं पहिलं स्थानिक लॉकडाउन. उपाहारगृहं ३ ऑगस्टला उघडली, आणि नेमकी तेव्हाच सरकारची सवलत आली: सोमवार ते बुधवार बाहेर जेवा, निम्मं बिल सरकार भरेल, माणशी दहा पाउंडांपर्यंत. पहिल्या खात्याला गळती लागली ती त्या सोमवारी. पुढे बाग असलेल्या घराची हाव, सायकल, मोठा टीव्ही. बँक ऑफ इंग्लंडचे मुख्य अर्थतज्ज्ञ अँडी हॉल्डेन फेब्रुवारी २०२१मध्ये अर्थव्यवस्थेला दाबून ठेवलेल्या स्प्रिंगची उपमा देत होते. आमच्या घरात ती आधीच सुटली होती. जे उरलं ते २०२२च्या हिवाळ्यात गॅस आणि विजेच्या बिलांनी खाल्लं. त्या ऑक्टोबरात महागाई ११.१ टक्के होती.

दुसऱ्या खात्याला आम्ही हात लावला नाही. लावायची वेळ आली होती एकदाच. एप्रिल २०२१मध्ये बाबा आजारी पडले, आणि २३ तारखेपासून भारत ब्रिटनच्या ‘रेड लिस्ट’मध्ये, म्हणजे प्रवासावर सर्वांत कडक निर्बंध असलेल्या देशांच्या यादीत गेला. परतताना दहा दिवस ठरवून दिलेल्या हॉटेलात, एका माणसाचे १,७५० पाउंड. मी रात्री कागदावर बेरीज केली: तिकीट, चाचण्या, हॉटेल. पैसे पुरत होते. सकाळी आईचा फोन आला, “तू येऊ नकोस, आलीस तरी आत सोडत नाहीत.” बाबा तीन आठवड्यांनी घरी आले. कागद मी कपाटात ठेवून दिला.

व्हिसा झाला, अधिभार भरला, पण तो मी पगारातून साठवून भरला. दुसऱ्या खात्याचं नाव ॲपमध्ये मी तेव्हाच ‘तिकीट’ करून टाकलं होतं. मागच्या महिन्यात नवा सोफा घ्यायचा विषय निघाला, तर नवरा ॲप उघडून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “याला कव्हर शिवून घेऊ.”