मस्कीसाठी आमिष: रंग शेवटी, थर्मामीटर आधी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेत, हेवर्ड गावाच्या बाजूला, गळ-दांड्यांच्या दुकानात शिरलं की एक अख्खी भिंत मस्कीच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या शिकारी माशाच्या, आमिषांची असते. सहा इंची, दहा इंची, झालरवाली, शेपटीवाली. नवखा माणूस तिथे साडी निवडावी तसा रंगावरून निवडतो आणि घरी आल्यावर खोक्यात चौदा आमिषं असून कामाचं एकच निघतं. मस्कीच्या बाबतीत क्रम असा लावा: पाणी किती गरम, मासा किती खोल, आमिष किती वेगाने ओढायचं, आणि सगळ्यात शेवटी रंग. म्हणून पहिली खरेदी थर्मामीटर, तीही बोटीच्या सोनारमध्ये (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्रात) तो नसेल तरच.

उत्तर विस्कॉन्सिनमध्ये हंगाम मे महिन्याच्या अखेरीस उघडतो, शेजारच्या मिनेसोटात जूनच्या पहिल्या शनिवारी. तेव्हा पाणी ५५ ते ६५ अंश फॅरनहाइट असतं, मासा नुकताच अंडी घालून थकलेला आणि उथळ, लवकर तापणाऱ्या खाडीत पडलेला असतो. अशा वेळी चार ते सहा इंची आमिष आणि सावकाश ओढ पुरते. पाच नंबरच्या एकाच पात्याचा छोटा बकटेल (फिरत्या पात्याचं झालरवालं आमिष) किंवा उथळ चालणारा छोटा क्रँकबेट (ओढला की थरथरत पोहणारा खोटा मासा) घ्या. ऑगस्टमधली दांडगी आमिषं इथे काढू नका.

पाणी ७० च्या वर गेलं की बकटेलचे दिवस. तारेवर फिरणारं पातं, मागे केसांची किंवा चमकीची झालर, आणि दोन ट्रेबल, म्हणजे तीन काट्यांचे गळ. पात्याचा आकार नीट बघून घ्या. गोल कोलोरॅडो पातं पाणी जोरात ढकलतं, त्याचा धक्का दांडीत जाणवतो, आणि ते आमिष वर उचलून धरतं, म्हणून पाणगवताच्या शेंड्यावरून नेता येतं. विलोच्या पानासारखं लांब पातं कमी उचलतं, कमी ओढ देतं, त्यामुळे जरा खोल आणि वेगात चालतं. डबल काउगर्लसारख्या आमिषात दहा नंबरची दोन कोलोरॅडो पाती असतात. ती ओढायला जड जातात, आणि इथेच रीलची निवड चुकते. वेगवान गिअरची रील घेतली तर तासाभरात मनगट बोलायला लागतं. पाचच्या आसपास गिअर रेशो (हँडलच्या एका फेऱ्यात लाइनची फिरकी किती वेळा फिरते ते) असलेली, लांब हँडलची, ३०० किंवा ४०० मापाची रील घ्या.

बकटेल पाण्यात पडला की पातं आपोआप फिरेलच असं नाही. पडताक्षणी दांडीला एक छोटा झटका द्या आणि लगेच गुंडाळायला सुरुवात करा. धडधड हाताला लागली म्हणजे पातं सुरू झालं. मध्येच ती थांबली तर पात्यावर गवताची काडी अडकलीय किंवा चमकीचा धागा ट्रेबलात गुंतलाय. फेकी तशीच पूर्ण करण्यात अर्थ नाही, भराभर ओढून साफ करा. मासा लागून तार वाकली असेल तर पक्कड घेऊन सरळ करा, कारण वाकलेल्या तारेवर आमिष एका अंगावर कलंडतं.

संध्याकाळी आणि रात्री, पाणी शांत असेल तर, पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारं आमिष. टॉपरेडरसारखं शेपटी फिरवत खळखळ करणारं नवख्याला सोपं, नुसतं एका लयीत गुंडाळायचं. पाणी फुटलेलं दिसलं की हात आपोआप झटका देतो, आणि तिथेच मासा हुकतो. दांडीला वजन लागेपर्यंत गुंडाळत राहा, मग ओढा.

ग्लाइड बेट (बाजूला सरकणारं) आणि जर्क बेट (झटक्याने चालवायचं) या आमिषांना हाताची सवय लागते. ग्लाइड बेट डावी-उजवीकडे सरकतो तो लाइन सैल पडल्यावर. दांडी खाली, एक हलका टोला, आणि टोल्यानंतर टोक फूटभर आमिषाकडे परत. हा परतीचा फूट विसरला की तो लाकडाचा ठोकळा सरळ रेषेत येतो आणि आमिषच वाईट आहे असं वाटत राहतं. सूइक थ्रिलर हा लाकडी जर्क बेट ओढला की बुडतो, सोडला की तरंगतो. त्याच्या मागची धातूची पट्टी जरा खाली वाकवली की तो जास्त खोल बुडतो. फार वाकवली तर मात्र ओढल्यावर सुलटा राहत नाही, म्हणून थोडं थोडं वाकवून बोटीशेजारीच तपासा. क्रँकबेट उजवीकडे पळत असेल तर त्याच्या नाकाची कडी केसभर डावीकडे वळवा. बुलडॉगसारख्या रबरी आमिषाची शेपूट दातांनी फाटते, ती लायटरच्या आचेवर वितळवून परत चिकटते.

आमिष निवडताना आणखी एक बघा: बोटीपाशी आठचा आकडा काढता येतो का. मस्की बरेचदा बोटीपर्यंत नुसता मागे मागे येतो. लीडर (लाइन आणि आमिष यांमधला दातांना न कापणारा तुकडा) दांडीच्या टोकापासून फूट-दीड फुटावर आला की गुंडाळणं थांबवा, दांडीचं टोक पाण्यात खुपसा आणि मोठी, पसरट वळणं घ्या. चार फुटी मासा लहान वळणात वळूच शकत नाही. वळणावर आमिष मंदावू देऊ नका, आणि मासा दिसो न दिसो, प्रत्येक फेकीनंतर दोन फेरे काढा. बकटेल यात सगळ्यात आज्ञाधारक, तरंगणारा जर्क बेट सगळ्यात हट्टी.

आता जिवंत आमिष. कोकणात गरीला कोळंबी लावून खडकावर गरवायला बसणाऱ्याला इथला प्रकार अवाढव्य वाटेल: १२ ते १६ इंची सकर मासा, म्हणजे आपल्याकडे ज्याची आमटी झाली असती तो. पाणी ५५ च्या खाली उतरलं, ऑक्टोबर लागला, की सकरची वेळ. फ्लोटखाली सहा-आठ फुटांवर, पाणगवताच्या बाहेरच्या कडेने, बोट हळूहळू सरकवत न्यायचा.

जुनी पद्धत अशी होती की सकरच्या नाकात एकच मोठा गळ, आणि मस्कीने तो पूर्ण गिळेपर्यंत वाट बघायची. मग गळ पोटात रुततो आणि सोडून दिलेला मासाही पुढे मरतो. त्यामुळे क्विक-स्ट्राइक रिगच, म्हणजे लगेच झटका देता येईल अशी गळांची जोडणीच, वापरा. सकरच्या नाकात एक क्लिप, एक ट्रेबल पुढच्या परांमागे, दुसरा पाठीच्या परापाशी. ट्रेबलचा एकच काटा कातडीत वरवर अडकवा, किंवा रबरबँडने धरा. तो मांसात खोल घातला की झटका दिल्यावर सकरमध्येच राहतो, मस्कीच्या जबड्यात जात नाही. रील फ्रीस्पूलवर (लाइन मोकळी सुटेल अशी), क्लिकर (लाइन सुटताना टिकटिकणारी कळ) चालू. मस्की सकरला आडवा पकडतो. क्लिकर वाजला की बोट माशाच्या दिशेने न्या, ढील गुंडाळा, वजन लागलं की मासा जिकडे चाललाय त्याच्या उलट दिशेने जोरात ओढा. थांबायचं नाही.

नियमही बघा. विस्कॉन्सिनमध्ये एका माणसाला तीन लाइन चालतात, म्हणून एकीकडे सकर ओढत दुसऱ्या दांडीने फेकता येतं. मिनेसोटात उघड्या पाण्यावर एकच लाइन, तिथे दोन्हीतलं एक निवडावं लागतं. मिनेसोटात बहुतेक तलावांवर मस्की ठेवायचा तर तो किमान ५४ इंच हवा, म्हणजे जवळजवळ प्रत्येक मासा परत पाण्यात.

दांडी साडेआठ-नऊ फुटी, लाइन ८० पौंडी ब्रेडेड (विणलेली), पुढे फूटभर लीडर, १०० ते १३० पौंडी फ्लोरोकार्बनचा किंवा पोलादी तारेचा. लीडरशिवाय एकही फेकी नको, दात लाइन एका घासात कापतात.

रंगाचं थोडक्यात: चहासारख्या तांबूस पाण्यात तांबं, सोनेरी, नारिंगी, स्वच्छ पाण्यात चांदी, पांढरा, पर्च माशासारखे पट्टे, रात्री काळा, कारण खालून वर बघताना आकाशावर काळ्याची कड उठून दिसते.

पाणी ८० च्या जवळ गेलं तर मस्की धरूच नका. गरम पाण्यात दमलेला मासा सोडला तरी सावरत नाही. एरवीही मासा जाळीत, पाण्यातच ठेवून गळ काढा. लांब पक्कड दोन प्रयत्नांत यशस्वी झाली नाही तर बोल्ट कटरने काटे कापा. म्हणून खोक्यात चौदावं आमिष घेण्याऐवजी ५/० ते ७/० चे सुटे ट्रेबल, स्प्लिट रिंगची (गळ अडकवायच्या दुपेडी कडीची) पक्कड आणि धार लावायला एक कानस ठेवा. धार नखावर तपासा: काटा नखावर घसरला तर अजून चार हात मारा.