डोकं खाली, पण तोंड पोटाकडे

नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं खाली असल्याचं कळलं आणि आमच्या डिचोलीच्या घरात सगळे निर्धास्त झाले. "पायाळू नाही ना, मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या. दिवस भरल्यावरही शंभरात तीन-चार बाळं पायाळू राहतात, तेव्हा त्यांचा दिलासा खोटा नव्हता. पण डोकं खाली असलं तरी बाळाचं तोंड कुठे आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. पहिलटकरणींना हे आधी कुणीतरी समजावून सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे.

सहसा जन्माच्या वेळी बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे असतं. अशा वेळी ते हनुवटी छातीला टेकवून डोकं लहान करून घेतं. बांगडी भरताना कासार बाईचा अंगठा आत दुमडून घेतो ना, तसं. मग डोक्याचा साधारण ९.५ सेंटिमीटरचा व्यास वाटेत येतो. माझ्या बाळाची पाठ माझ्या पाठीला लागून होती आणि तोंड पोटाकडे. अशा बाळाची मान नीट वाकत नाही. त्यामुळे ११.५ सेंटिमीटरपर्यंतचा व्यास पुढे येतो, आणि सरळ व्हायला त्याला जवळजवळ १३५ अंश फिरावं लागतं. एवढं फिरायला वेळ लागणारच.

कळा रात्री सुरू झाल्या, पण पोटात जवळजवळ काहीच नाही, सगळं कंबरेत. कळ ओसरली तरी माकडहाडाजवळचा ठणका जाईना. अस्नोड्याच्या रस्त्याने म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात पोहोचलो तेव्हा गर्भपिशवीचं तोंड जेमतेम ३ सेंटिमीटर उघडलं होतं. पुढे ५ पर्यंत आलं आणि तिथेच रेंगाळलं. मी घाबरले. तपासताना डॉक्टरांच्या बोटांना बाळाची टाळू लागली, त्यावरून त्यांनी बाळाचं तोंड कुठे आहे ते ओळखलं. ठोके चांगले आहेत, थांबू या, असं त्या म्हणाल्या. तासाला १ सेंटिमीटर हा जुना हिशेब आता एकट्याने धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं की त्याहून सावकाश उघडतंय एवढ्याच कारणाने घाई करू नये. ५ सेंटिमीटरनंतर पहिल्या खेपेला १२ तासांपर्यंतही लागू शकतात.

ताई माझ्यासोबत होती. बाळंतिणीजवळ तिचं एक माणूस असावं यावर प्रसूतिगृहं सुधारण्याच्या सरकारच्या 'लक्ष्य' योजनेतही भर आहे, आणि ते किती मोलाचं आहे हे मी सांगू शकते. प्रत्येक कळेला ताई तळहाताने कंबरेखाली घट्ट दाबून धरायची. तेवढ्याने श्वास घेता यायचा. सिस्टरने मला खाटेवर ओणवं केलं. "भियेनाका बाय, भुरगें घुंवतलें," (घाबरू नको बाई, बाळ फिरेल) ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेवटच्या महिन्यात ओणव्याने लादी पुसली की बाळ वळतं, असं शेजारणी सांगायच्या. अभ्यासांत तसं ठामपणे दिसलेलं नाही. कळांमध्ये ओणवं झाल्याने कंबरेचा ठणका मात्र खरंच हलका होतो.

सगळ्यात कठीण होतं ते पूर्ण १० सेंटिमीटर व्हायच्या आधीच जोर करावासा वाटणं. बाळाच्या डोक्याची मागची बाजू आपल्या शौचाच्या जागेवर दाब देते, म्हणून असं होतं. तोंडाने फू-फू करत मी तो रोखला. आणि मग एका कळेत दुखणं कंबरेतून पुढे, ओटीपोटात आलं. डॉक्टरांनी तपासलं. बाळ वळलं होतं! त्यानंतर माझी मुलगी लवकरच जन्मली, रडत, तोंड खाली करून.

बहुतेक बाळं अशीच वाटेत वळतात. सगळी बाळंतपणं धरली तर शंभरात साधारण पाचच बाळं जन्मापर्यंत तशी राहतात. तेव्हा चिमटा, व्हॅक्यूम किंवा सिझेरियन लागू शकतं, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बाळ वळलं नाही आणि तिचं सिझेरियन झालं. भेटायला येणारे तिला विचारत होते, जोर कमी पडला का गं? ती गप्प राहायची. शेवटी ताईच उठली आणि तिच्या सासूला शेजारी बसवून, हाताच्या मुठीचं डोकं करून, बाळ कसं अडतं ते तिने दाखवलं.