कलम 53 आणि टोमॅटोचं शेत

सहावीला हम्मुराबी, म्हणजे प्राचीन बॅबिलोनचा कायदे करणारा राजा, शिकवायची एक ठरलेली पद्धत आहे आणि ती मला अजिबात आवडत नाही. 'डोळ्याच्या बदल्यात डोळा' फळ्यावर लिहायचं, मुलांनी 'ईऽऽ' करायचं, मग प्रत्येकाने कार्डबोर्डवर स्वतःचा एक कायदा लिहून रंगवायचा. बहुतेक कायदे धाकट्या भावाने खोलीत येऊ नये याबद्दलचे असतात. तास मजेत जातो. पूर्वीचे लोक क्रूर होते, आपण नाही, एवढंच घेऊन मुलं मधल्या सुट्टीत पळतात.

मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत एका सरकारी मिडल स्कूलमध्ये शिकवते. इथे सहावीचं वर्ष प्राचीन संस्कृतींचं आणि हम्मुराबीची कायदेसंहिता त्यात नाव घेऊन नेमलेली. वर्गात बरीचशी मुलं मेक्सिकोहून आलेल्या शेतमजुरांची, काही पोर्तुगीज डेअरीवाल्यांची, एखाददुसरं पंजाबी. पाणी कधी सुटणार, किती मिळणार, हे जेवणाच्या टेबलावर बोललं जातं अशी घरं. मी सांगलीकडची. रात्री बॅटरी घेऊन शेतात पाण्याची दारं धरायला जाणारे काका बघत वाढले. त्यामुळे डोळे आणि दात बाजूला ठेवून कालव्यांच्या कलमांपासून सुरुवात करावी, असं बरेच दिवस मनात होतं. 2023 साली त्याला कारणही मिळालं.

त्या वर्षी टुलेरी तळं परत आलं होतं. मिसिसिपीच्या पश्चिमेला एकेकाळी याच्याएवढं मोठं गोड्या पाण्याचं तळं नव्हतं. किंग्ज, कवीया, टूली, कर्न या नद्या शेतीसाठी वळवल्यावर ते आटलं आणि तळाशी कापूस, टोमॅटो, पिस्ते उभे राहिले. हिवाळी वादळं फार झाली की ते आपली जागा परत मागतं. 1983 मध्ये मागितली होती, 1997 मध्येही. 2023 च्या वसंतात लाखभर एकराहून जास्त जमीन पाण्याखाली गेली. डेअऱ्यांमधली जनावरं हलवावी लागली, कॉर्कोरन गावाभोवतीचा बांध घाईघाईने उंच करावा लागला. कुणाचा बांध राखायचा आणि कुणाचा फोडायचा, यावरून जमीनमालकांत जुंपली. ऑगस्टमध्ये शाळा उघडली तेव्हाही पाणी होतंच.

मी वर्गात एकच नियम घातला. आजच्या कुठल्याही माणसाचं, कंपनीचं नाव घ्यायचं नाही. आपण बॅबिलोनमध्ये आहोत, राजा हम्मुराबी आहे, साल ख्रिस्तपूर्व 1755 च्या आसपासचं. ज्यांचे पालक बांधाच्या या बाजूला आणि ज्यांचे त्या बाजूला, अशी दोन्ही मुलं एकाच बाकावर बसत होती, म्हणून ही काळजी.

आधी पडद्यावर संहिता कोरलेल्या शिळेचा फोटो दाखवला. सव्वादोन मीटर उंच काळा दगड, वर सूर्यदेव शमाशसमोर उभा राजा, खाली अक्कादी भाषेतली कीलाक्षरं. 1901-02 च्या हिवाळ्यात फ्रेंच उत्खननकारांना ती इराणमधल्या सूसा इथे सापडली, कारण ख्रिस्तपूर्व बाराव्या शतकात शेजारच्या एलाम राज्याच्या राजाने ती लूट म्हणून उचलून नेली होती. आता ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. "म्हणजे दोनदा नेली," एकजण म्हणाला. उत्खननाचा रीतसर परवाना वगैरे मी सांगू लागले, पण त्याचं समाधान झालं नाही. मला वाटतं तो पुढे वकील होणार.

मग कागद वाटले. कलम 53: एखाद्याने आपल्या शेताच्या कालव्याचा बांध मजबूत ठेवण्यात कुचराई केली, तिथे भगदाड पडून पाण्याने शिवार नेलं, तर ज्याच्या बांधाला भगदाड पडलं त्याने बुडालेलं धान्य भरून द्यावं. कलम 54: देता येत नसेल तर तो माणूस आणि त्याची चीजवस्तू विकावी, आणि ज्यांचं पीक गेलं त्यांनी ते पैसे वाटून घ्यावेत. कलम 55: पाणी द्यायला पाट उघडला आणि निष्काळजीपणाने शेजाऱ्याचं रान बुडवलं, तर शेजाऱ्याच्या पिकाच्या उताऱ्याप्रमाणे धान्य मोजून द्यावं.

या वेळी कुणी 'ईऽऽ' केलं नाही. पाच-पाच जणांची न्यायमंडळं बसवली होती, ती सगळी एकदम बोलू लागली. "बांध किती उंच हवा हे कुणी ठरवलं?" "वरच्या अंगाच्या माणसाने मुद्दाम खाली सोडलं असेल तर?" मी त्यांना हम्मुराबीची पत्रं सांगितली. लार्सा शहर जिंकल्यावर तिथे नेमलेल्या सिन-इद्दिनम या अधिकाऱ्याला तो कळवतो की दमानुम कालव्याकाठी ज्यांची शेतं आहेत त्यांना बोलाव आणि याच महिन्यात कालव्याचा गाळ काढून घे. म्हणजे ज्याचं शेत त्याच्यावर जबाबदारी, आणि मागे राजाचा तगादा. हे ऐकून डेअरीवाल्यांच्या घरातला एक मुलगा मोठ्या माणसासारखी मान हलवत म्हणाला, "समजा मिस, बॅबिलोनमध्ये एक माणूस आहे, त्याचा बांध इतरांपेक्षा खूपच उंच आहे..." सगळा वर्ग हसला. नाव कुणी घेतलं नाही, पण बॅबिलोनमधला तो माणूस कोण, हे त्या खोलीत फक्त हम्मुराबीला ठाऊक नसावं.

तेवढ्यात दुसऱ्या मंडळाला कलम 48 सापडलं. कर्जदाराचं शेत वादळाच्या देवाने, अदादने, बुडवलं किंवा पाण्याअभावी पीकच आलं नाही, तर त्या वर्षी सावकाराला धान्य द्यायचं नाही, कर्जाची मातीची पाटी ओली करायची आणि त्या वर्षाचं व्याज माफ. पाटी ओली करण्याची कल्पना मुलांना भलतीच आवडली. पण त्यातून खरा वाद पेटला. पाणी अदादने आणलं की माणसाच्या कुचराईने? अदादने आणलं असेल तर 48, माणसाने आणलं असेल तर 53. वर्ग सरळ दोन भागांत फुटला आणि मी खुर्चीत बसले. शिक्षकाने असं बसायचं नसतं म्हणतात. मी बसले.

मागच्या बाकावरची एक मुलगी कधीच हात वर करत नाही. तिने त्या दिवशीही केला नाही, नुसतं बोलली. "53 मध्ये पैसे ज्यांचं पीक गेलं त्यांना. माझ्या बाबांचा टोमॅटो नव्हता. पण काम टोमॅटोचंच होतं."

मला काही सुचलं नाही, आणि सुचायची गरजही पडली नाही. "282 कलमं आहेत, असेल कुठेतरी," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे पानं उलटू लागले. कलम 257 मध्ये वर्षभराच्या सालगड्याला आठ गूर (धान्याचं जुनं माप) धान्य सापडलं. मग 273: रोजंदारीच्या माणसाला वर्षाच्या सुरुवातीपासून पाचव्या महिन्यापर्यंत रोज सहा दाणे चांदी, सहाव्यापासून वर्ष संपेपर्यंत पाच दाणे. वर्ष वसंतात सुरू व्हायचं, म्हणजे सुगी आणि मोठे दिवस पहिल्या भागात. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. "सीझनचा रेट," तिनेच सांगितलं.

चांदीचे 180 दाणे म्हणजे एक शेकेल, जेमतेम आठ ग्रॅम. फळ्यावर गणित झालं: रोज सहा दाणे, तीस दिवस, महिन्याला बरोबर एक शेकेल. एकदा हे माप हाताशी आलं तशी मुलं सगळी संहिता त्याने मोजू लागली. प्रतिष्ठित माणसाचा जीव वाचवणाऱ्या वैद्याला दहा शेकेल, म्हणजे मजुराचे दहा महिने. सामान्य माणसाचा डोळा फोडला तर एक मीना, साठ शेकेल, म्हणजे याच सहा दाण्यांच्या दराने मजुराची पाच वर्षं. आणि तोच डोळा प्रतिष्ठिताचा असेल तर फोडणाऱ्याचाही डोळा. गुलामाचा असेल तर त्या गुलामाच्या किमतीच्या निम्मी रक्कम, तीही मालकाला. ते 'डोळ्याच्या बदल्यात डोळा' शेवटी अशा वाटेने वर्गात आलं. आता ते क्रूर आहे की नाही हे कुणी विचारत नव्हतं. कुणाच्या डोळ्याला किती, हे विचारत होते. याच वेळी मी त्यांना ऊर-नम्मूची संहिता दाखवली. हम्मुराबीच्या तीनेकशे वर्षं आधीची, सुमेरी भाषेतली, आणि तिच्यात नाक कापलं, हाड मोडलं तर चांदीचा दंड आहे. आधीचा कायदा सौम्य आणि नंतरचा कडक, हे पाहून कालरेषेवर बाण उलटा काढावा का, असं एकीने विचारलं.

पण मूळ प्रश्न तसाच होता. 273 कामाच्या दिवसाची मजुरी सांगतं, बुडालेल्या दिवसाची नाही. म्हणून वर्गाने नवं कलम लिहायला घेतलं. ज्याच्या बांधाला भगदाड पडेल त्याने आधी मजुरांचे उरलेल्या हंगामाचे दिवस भरून द्यावेत, मग मालकांचं धान्य. आधी कोण, यावर दहा मिनिटं गेली. दर सहा दाणे की पाच, यावर भगदाड वसंतात पडलं म्हणून सहा. मत घेतलं तर बहुमत झालं. तो डेअरीवाला मुलगा विरोधात गेला. बांधाचा मालक 54 प्रमाणे आधीच विकला गेलाय, आता दोघांचं देणं तो कुठून फेडणार, असं त्याचं म्हणणं. मुद्दा बिनचूक होता आणि त्याच्या घरी त्या वर्षी हीच चर्चा चालली असणार. त्या मुलीने त्याला उत्तर दिलं, "मग पहिला विकला जातो तेव्हा रांगेत आम्ही पुढे." दोघं बराच वेळ भांडले. वर्षभरात ती एवढं बोलली नव्हती.

कलम मातीच्या पाटीवर आइसक्रीमच्या काडीने उमटवायचं ठरलं होतं. त्या मुलाने आपला विरोधही नोंदवला जावा अशी मागणी केली. बॅबिलोनमध्ये तशी सोय होती का, हे न विचारताच मी परवानगी दिली. कलम एका पाटीत बसलं. त्याच्या विरोधाला दोन पाट्या लागल्या आणि तिसरीसाठी तो जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे माती मागायला आला.