वर्गातल्या एका मुलीला शुगर आहे, मग बाईंनी काय करायचं?

शुगर म्हटलं की आपल्याकडे आजोबाच आठवतात. बिनसाखरेचा चहा, सकाळचं चालणं, जेवणाआधीची गोळी. त्यामुळे पाचवीत दाखल झालेल्या पोरीची आई ऑफिसात येऊन "बाई, हिला शुगर हाय, दिवसातनं दोनदा इंजेक्शन असतंय" असं म्हणाली तेव्हा स्टाफमधून पहिला प्रश्न आला तो "एवढ्या लहानपणी? लय गोड देत होता काय खायला?" असाच. तिने काही उत्तर दिलं नाही. गावात, पाहुण्यात, एसटीत सगळीकडे तिला हेच विचारत असणार.

तर ते आधी सांगून टाकते. ही टाइप वन शुगर. गोड खाण्याचा आणि हिचा काही संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, त्यात ना पोराची चूक ना आईची. गोळीने भागत नाही, इन्सुलिन बाहेरूनच घ्यायचं, रोज, आणि कुणी बाबा-महाराज किंवा काढा सांगितला म्हणून बंद तर अजिबात करायचं नाही. आणि हो, लागण होत नाही. हे मला पालकसभेत मोठ्यांदा सांगावं लागलं कारण एका बाईने आपल्या मुलीची जागा बदलून मागितली होती.

आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, आटपाडी-सांगोल्याकडच्या पट्ट्यात, सातवीपर्यंत. पोरीची आई डाळिंबाच्या बागेत रोजगाराला जाते. शहरात मुलांच्या दंडाला तो सेन्सर चिकटवलेला असतो, १४ दिवस चालतो, आईला ऑफिसात बसून मोबाईलवर शुगर दिसते, मी फोटोत बघितलाय. आमच्याकडे ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि सुई. एक पट्टी वीसेक रुपयांच्या आसपास पडते म्हणून आई त्यासुद्धा मोजून देते. आणि लोक म्हणतात ना की "आईने शाळेत येऊन बसावं", त्यांनी हा हिशोब पण करावा की आई शाळेत बसली की तिचा रोज बुडतो, आणि रोज बुडला की पट्ट्या येणार कुठून.

पहिल्या वर्षी शाळेत इंजेक्शन नव्हतं. सकाळी एक, संध्याकाळी एक, दोन्ही घरी. मला वाटलं सुटलो, आपल्याला काय काम नाही. पण डॉक्टरांनी चिठ्ठीत लाल पेनने लिहिलं होतं, दुपारचं जेवण वेळेवर. सकाळच्या इंजेक्शनमध्ये एक साधं पाण्यासारखं इन्सुलिन असतं आणि एक दुधासारखं गढूळ, ते गढूळवालं हळूहळू चढतं आणि भर दुपारी जोरात काम करतं. म्हणजे इन्सुलिन तर सकाळीच पोटात जाऊन बसलंय (पोटात म्हणजे पोटाच्या कातडीखाली, तुम्हाला कळलं), आता त्याला वेळेवर अन्न मिळालं नाही तर रक्तातली शुगर खाली खाली जाणार. मोठ्या माणसाच्या शुगरमध्ये आपण जास्त झाली का बघतो, इथे शाळेच्या वेळात खरी भीती कमी होण्याची असते, हे डोक्यात बसायलाच लोकांना वेळ लागतो.

आणि शाळेत जेवण वेळेवर होतं का? रोज होतं. पण ज्या दिवशी पाहुणे असतात त्या दिवशी नाही होत. एका कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे आले दीड तास उशिरा, पोरं पटांगणात रांगेत, खिचडी शिजून झाकून ठेवलेली, आणि भाषण संपेपर्यंत खिचडी वाढायची नाही कारण ते बरं दिसत नाही. तिला मी मागच्या मागे उठवून वर्गात नेलं आणि खायला बसवलं, तर एक सहकारी म्हणाले, "एकीलाच का, बाकीची पोरं काय विचार करतील?" बाकीची पोरं विचार करत होती की आम्हाला पण भूक लागलीय. ते सोडा. पण तेव्हापासून नियम झाला, मंत्री येवो नाहीतर सभापती, तिचं ताट ठरल्या वेळेला.

शुगर कमी झालेली मी पहिल्यांदा ओळखली ती वहीवरून. गणिताचा तास होता, भागाकार चालू होता. पोरीचं अक्षर मोत्यासारखं, पण त्या दिवशी तिसऱ्या गणितापासून आकडे रेघ सोडून खाली उतरत गेलेले, मग सातावर सात गिरवलेला, परत गिरवलेला, कागद फाटेपर्यंत. मी विचारलं काय गं, तर चिडून म्हणाली "काय नाय". ही पोरगी कधी उलट बोलत नाही. वरच्या ओठावर घामाचे थेंब, हात थंडगार. मीटरवर ५४ आले. ७० च्या खाली गेलं की थांबायचं नाही, लगेच साखर, आणि तिच्या वजनाला डॉक्टरांनी लिहून दिलंय दोन सपाट चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, म्हणजे साधारण १० ग्रॅम. मोठ्या मुलांना १५ लागतात. मग १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत दोन चमचे, आणि आकडा वर आला की मग बिस्किट किंवा जेवण. ती १५ मिनिटं फार लांब वाटतात हो. पोरगी तुमच्याकडे बघत असते आणि तुम्ही घड्याळाकडे.

दोन गोष्टी इथे सगळेच विचारतात. एक, चॉकलेट का नाही? प्रत्येक मॅडमच्या पर्समध्ये असतं. तर चॉकलेटमध्ये तूप-तेल असतं त्यामुळे साखर रक्तात उशिरा जाते, अशा वेळी तेवढा उशीर परवडत नाही. ग्लुकोज, नाहीतर साखरपाणी, तेही नसेल तर फ्रूटीसारखा ज्यूस (आणि त्या घाईत शुगर फ्री काहीतरी देऊ नका म्हणजे झालं). दोन, पोरगी बेशुद्ध पडली तर? तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन, मग आईला फोन. या क्रमाने. देवाच्या कृपेने ही वेळ अजून आलेली नाही. आणि शुगर कमी वाटतेय आणि मीटर सापडत नाही असं झालं तर मीटर शोधत बसायचं नाही, ग्लुकोज द्यायचं. चुकून थोडी वाढली तर वाढली, ती नंतर खाली आणता येते.

"ऑफिसात जाऊन झोप थोडा वेळ" असं सांगून तिला एकटीला पाठवायचं नाही, हे मी स्टाफरूमच्या भिंतीवर लिहून लावलंय. कमी शुगरमध्ये मूल एकटं चालत सोडायचं नसतं. ग्लुकोजचा डबा तिच्याकडे येतो, ती डब्याकडे जात नाही.

सहावीत डॉक्टरांनी दुपारचं इंजेक्शन वाढवलं आणि शाळेची खरी परीक्षा सुरू झाली. हे साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं, पेनसारख्या इंजेक्शनमधलं महागडं, लगेच लागू होणारं आमच्याकडे नाही. म्हणजे सुट्टीच्या आधी अर्धा तास, चालू तासात. ती स्वतः भरते, स्वतः टोचते, मी फक्त सुईवरचा आकडा बघते आणि वहीत लिहिते. कुठे टोचायचं यावर मात्र वाद झाला. कुणीतरी सुचवलं बाथरूममध्ये जाऊ दे, बाकीच्यांना दिसायला नको. मी म्हटलं जिथे आपण पाणी प्यायला थांबत नाही तिथे पोरीने सुई टोचून घ्यायची? शेवटी ऑफिसातलं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक खुर्ची ठेवली. आणि आता तर ती वर्गातच टोचते, मागच्या बाकावर, कुणी मान वळवूनही बघत नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायच्या आणि बाटली घरी, केरात नाही, आमच्याकडे झाडणारी मुलंच असतात.

सुईवरून आठवलं. गावातल्या मेडिकलवाल्याने एकदा केशरी टोपणाच्या सुया दिल्या. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० च्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, त्यांना लाल टोपणाची सुई. केशरी ती १०० ची. त्याच आकड्यापर्यंत भरलं तर अडीच पटीने कमी इन्सुलिन जाणार. पोरीनेच ओळखलं बरं का, मी नाही. म्हणाली "बाई, ही आपली न्हाय."

मग खिचडी. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला १५० असा हिशोब असतो, पण तो कोठीतला हिशोब. ताटात पडते ती पळीने, आणि पळी मावशींच्या मायेने. आवडत्या पोराला जास्त, उशिरा येणाऱ्याला खालची घट्ट. आणि इन्सुलिन तर अर्धा तास आधीच मोजून घेतलेलं. तिच्या आईने घरून एक स्टीलची वाटी आणून दिली, आहारतज्ज्ञ ताईंनी सांगितलं होतं की ही वाटी सपाट भरली की साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं (अन्नातला शुगर वाढवणारा भाग) धरा. मावशींना मी कर्बोदकं वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की हिला याच वाटीने दोन, बोटाने सपाट करून, कमी नाही आणि माया म्हणून जास्त पण नाही. मावशी इतक्या काटेकोर निघाल्या की आता वाटीवरून उलथनं फिरवतात. मटकीची उसळ असली तर आधीच निरोप पाठवतात, "बाईंना सांगा आज बदललंय". माझ्या मते अख्ख्या शाळेत तिच्या शुगरला सगळ्यात जास्त सांभाळलं असेल तर मावशींनी. त्यांचं मानधन किती असतं ते विचारू नका.

वाढदिवसाची चॉकलेटं ती घेते. खाते कधी, तर जेवणाबरोबर, हिशोबात धरून, नाहीतर दप्तरात ठेवून घरी नेते. "तुला चालत नाही ना गं" असं म्हणून तिच्यासमोरून डबा पुढे सरकवणाऱ्यांचा मला फार राग येतो.

वर्गाला सांगायचं की नाही यावर आई आधी तयार नव्हती. मुलीची जात, उद्या लग्नाचं काय, तिचं काही चुकीचं नव्हतं. पण मी तिला एकच विचारलं, खो-खोच्या मैदानात ती खाली बसली तर जवळ कोण असणार, मी की तिची जोडीदारीण? मग पोरीनेच सांगितलं वर्गाला. बोटाच्या मधोमध नाही तर कडेला टोचलं की कमी दुखतं हे दाखवलं. मी त्यांना सांगितलं की इन्सुलिन सापडायच्या आधी अशी मुलं जगतच नव्हती, आणि जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोला पहिल्यांदा ज्याला ते टोचलं तो लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा होता, म्हणजे नववीतल्या पोराएवढा. प्रश्न आला, "त्याला कुणी टोचलं, रडला का तो?" आता अतिरेक असा झालाय की पीटीच्या तासाला ती पळून आली आणि जरा घाम आला की चौघीजणी ओरडत येतात, बाई घाम, बाई घाम! अगं सगळ्यांनाच आलाय घाम. पण ओरडू देत. पळणं-खेळणं बंद करायचं नाही, आधी तपासायचं, लागलं तर बिस्किट खायचं, आणि मैदानावर डबा न्यायचा. खेळाने शुगर नंतर रात्रीसुद्धा उतरते म्हणून खो-खोच्या दिवशी मी आईला निरोप देते.

उलटं, शुगर वाढली की ती सारखं पाणी पिते आणि सारखी लघवीला जायला मागते. नवीन शिक्षकांना वाटतं टाळाटाळ करतेय. तिने परवानगी मागायची गरज नाही, उठायचं आणि जायचं, हे ठरलेलं. पण पोटात दुखणं, उलटी, धाप असं दिसलं तर मात्र घरी निरोप देऊन लगेच दवाखाना, तिथे ओवा-बिवा देत बसायचं नाही.

उन्हाळ्यात इन्सुलिनची बाटली मडक्यात. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, वर ओलं फडकं. पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट म्हणजे दुपारी भट्टी, तिथे ठेवलं तर इन्सुलिन दिसायला तसंच आणि गुण शून्य.

नियम नाहीत असं नाही बरं. सीबीएसईने २०१७ पासून दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवायला परवानगी दिलीय. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिलं की शाळेत शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या, आणि उत्तर प्रदेशने त्यावर शाळांना आदेशही काढले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसाला तीन लिंका आणि दोन एक्सेल शीट येतात, हे पत्र काही आलेलं मी बघितलं नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला केंद्र दुसऱ्या शाळेत होतं तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी आणि आई आदल्या आठवड्यात केंद्रसंचालकांना भेटून आलो, बाकावर ग्लुकोजचा डबा आणि मीटर राहील म्हणून. ते चटकन हो म्हणाले. त्यांच्या पुतण्याला आहे म्हणे.

मला जे कळलंय ते इतकंच की मुख्याध्यापकांना माहीत असून भागत नाही. मी रजेवर असते त्या दिवशी माझा वर्ग ज्यांच्याकडे जातो त्यांना, मावशींना, वडापवाल्या काकांना, शेजारच्या बाकावरच्या पोरीला माहीत पाहिजे. म्हणून एक कागद केलाय, एका बाजूला मोठ्या अक्षरात कमी शुगरची लक्षणं आणि काय द्यायचं, दुसऱ्या बाजूला फोन नंबर. हजेरीपत्रकाच्या पहिल्या पानाला चिकटवलाय, कारण बदली शिक्षक दुसरं काही उघडो न उघडो, हजेरी घेतातच. वडापवाल्या काकांनी तो आरशाच्या मागे खोचलाय.

जूनपासून ती आठवीला हायस्कूलला जाईल, आठ किलोमीटर, एसटीने. तिथे खिचडी कोण वाढतं, खेळाचे सर कोण, अजून काही माहीत नाही, मे महिन्यात आईला घेऊन एकदा जाऊन यायचंय. तुमच्या वर्गात असं मूल असेल आणि तो कागद हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, फोटो टाकते. फक्त चमचे किती ते तुमच्या पोराच्या डॉक्टरांना विचारून भरा, तेवढी जागा मी मोकळी सोडते.