ईआयएच्या मसुद्यावर हरकत पाठवली, तेव्हाचं सगळं

सरकारी मसुद्यावर हरकती पाठवून काय उपयोग, ते कुठे वाचतात, असं दर वेळी कुणीतरी ऐकवतंच, म्हणून २०२० मधे आम्ही ईआयएच्या मसुद्यावर हरकती पाठवल्या तेव्हा काय काय झालं ते एकदा लिहून टाकते.

ईआयए म्हणजे मोठा प्रकल्प यायच्या आधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायचं, जनसुनावणीत लोकांचं ऐकायचं आणि मग परवानगी द्यायची की नाही ते ठरवायचं. नियम २००६ चे. त्यांच्या जागी आणायचा नवा मसुदा गॅझेटमधे आला ११ एप्रिल २०२० ला, म्हणजे अख्खा देश घरात कोंडलेला असताना, आणि वर ६० दिवसांत हरकती पाठवा म्हणे!

मी मुलुंडला राहते, आमचा एक छोटा पर्यावरण ग्रुप आहे, ग्रुप म्हणजे काय तर मोजकी डोकी आणि एक व्हॉट्सअॅप. एरवी निवेदनं द्यायची, आझाद मैदानात फलक घेऊन उभं राहायचं, हवामान बदलावर सरकारने कडक धोरण आणावं म्हणून घोषणा द्यायच्या, हे जमतं आम्हाला. पण तो जाडजूड मसुदा एकेक कलम करत वाचायचा म्हणजे डोक्याला ताप. शेवटी कलमं वाटून घेतली आणि रात्री भांडी आवरून झूमवर बसायला लागलो.

माझ्या वाट्याला आलं पोस्ट-फॅक्टो मंजुरीचं प्रकरण. म्हणजे परवानगी न घेताच प्रकल्प सुरू केलात तरी चालेल, नंतर दंड भरा आणि मंजुरी घ्या. हे वाचत होते तेवढ्यात ७ मे ला विशाखापट्टणमची वायुगळती झाली, आणि नंतर बातम्यांत आलं की तो कारखाना पर्यावरण मंजुरीशिवायच चालू होता. आता आणखी कुठलं उदाहरण शोधायचं? त्यातून १ एप्रिललाच सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलं होतं की अशी मागाहून मंजुरी कायद्यात बसत नाही, तो निकालही हरकतीत टाकला. दुसरं एक कलम तर कहरच होतं, नियम मोडल्याचं कळवायचं कुणी, तर कंपनीने स्वतः नाहीतर सरकारी यंत्रणेने. नागरिकांना त्यात जागाच नाही. म्हणजे चोरानेच चौकीत येऊन सांगायचं, साहेब, मी चोरी केली.

पण सगळ्यात भारी हरकत आमची कुणाचीच नव्हती, ती होती ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या एका मावशींची. जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० दिवसांवरून २० करतायत असं फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वीस दिवस? अगं आत्ता मासेमारीची बंदी आहे म्हणून आमची माणसं घरी तरी आहेत, एरवी होडीवर असतात. नोटीस येणार पेपरात, ती बघणार कोण? आणि मग लिहिणार, कोळी आलेच नाहीत." मी म्हटलं हेच व्हॉइस नोटवर पाठवा. पाठवलं, मागे कुकरच्या शिट्ट्या वाजतायत. जसंच्या तसं मराठीत टाइप केलं, वर कलमाचा नंबर घातला आणि त्यांच्या नातवाच्या मेलवरून केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला गेलं.

तयार मेल एका क्लिकवर पाठवायच्या लिंकाही तेव्हा फिरत होत्या. त्याने आकडा वाढतो, वाईट काही नाही त्यात, पण माझं मत विचाराल तर कलमाचा नंबर घालून आपल्या भागातल्या चार ओळी लिहिलेल्या बऱ्या, त्या बाजूला सारणं जरा जड जातं.

जुलैत मात्र वातावरण तापलं. मोहीम चालवणाऱ्या काही संघटनांच्या वेबसाइट उघडेनाशा झाल्या, फ्रायडेज फॉर फ्युचर या तरुणांच्या हवामान चळवळीला दिल्ली पोलिसांची नोटीस गेली, तीही यूएपीए म्हणजे दहशतवादविरोधी कायदा लावून! मग ते कलम चुकून पडलं म्हणून नोटीस मागे घेतली, पण व्हायचं ते झालंच. आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले माझं नाव काढा, मुलाच्या व्हिसाचं काम चालू आहे. काढलं. त्यांना काय बोलणार?

मुदत आधी ३० जूनपर्यंत वाढली होती, मग दिल्ली हायकोर्टाने ती ११ ऑगस्ट केली आणि मसुदा २२ भाषांत द्या म्हणून सांगितलं, तर त्या भाषांतराविरुद्ध केंद्र सुप्रीम कोर्टात! इकडे ३ जूनला निसर्ग वादळ रायगडात धडकून गेलेलं, ५ ऑगस्टला कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा. एकेका वादळाचं खापर हवामान बदलावर फोडता येत नाही, मान्य, पण अशा दिवसांत प्रकल्पांची तपासणी ढिली करणारा कागद वाचताना डोकं फिरतंच.

हरकती गेल्या लाखोंनी, आणि तो मसुदा अंतिम झालाच नाही. पण माझ्या वाट्याचं ते कलम मेलं नाही हो. २०२१ मधे मंत्रालयाच्या एका कार्यालयीन आदेशातून तीच वाट परत उघडली, त्यावर आपल्या मुंबईची वनशक्ती संस्था सुप्रीम कोर्टात गेली, १६ मे २०२५ ला कोर्टाने तो आदेश रद्द केला, आणि १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक मताने तो निकालच मागे घेतला.

तेव्हाची आमची कलमवार टिपणं मराठीत आहेत, पुढचा मसुदा आला की कामाला येतील, कुणाला हवी असतील तर सांगा, पाठवते.